तुमची तक्रार कुणाकडे करायची?

माझ्या भाचीनं तिला ऑनलाइन समुपदेशन करणाऱ्या माणसाला एकच अवघड प्रश्न विचारला होता, तोही तिसऱ्या महिन्यात. 'सर, तुमचं शिक्षण कुठलं?' उत्तर आलं, 'डिग्रीनं माणूस कळत नाही, बेटा.' तिला ते उत्तर आवडलं. तिच्या जागी मी असते, रात्री अकराला खोलीचं दार लावून मोबाइलच्या उजेडात बसलेली, तर मलाही आवडलं असतं. आपण दुखावलेलो असतो तेव्हा कुणी 'बेटा' म्हटलं तरी डोळे भरून येतात.

भाची इथे नाशकात, गंगापूर रोडला खोली घेऊन राहते, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आईवडील सटाण्याला. झोप उडाली होती, दोन विषय राहिले होते, आणि घरी सांगायची सोय नव्हती. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, हे तिला ठाऊक होतं. कॉलेज रोडला दवाखाने आहेत, हेही ठाऊक होतं. पण दवाखान्याखाली आपली गाडी लावलेली कुणी पाहिली तर? नाशिक वाढलं तरी ओळखीपाळखीनं अजून गावच आहे. म्हणून तिनं इन्स्टाग्रामवर ज्याचे व्हिडिओ ती रोज बघत होती, त्या माणसाला निरोप धाडला. बारा सत्रांचं 'पॅकेज', नऊ हजार सहाशे रुपये, सगळे आगाऊ.

सुरुवातीला तिला बरं वाटलं. तो रात्री एकलाही उत्तर द्यायचा. मग त्यानं तिला सांगितलं की तुझ्या सगळ्या दुखण्याचं मूळ तुझी आई आहे, काही महिने तिच्याशी बोलणं तोड. तिनं तोडलं. त्यानंतर एक दिवस त्याचा नवा व्हिडिओ आला : 'माझी एक क्लायंट आहे, लहान गावातून आलेली, इंजिनिअरिंगला. रडू आलं की सोमेश्वरच्या धबधब्यावर एकटी जाऊन बसते...' नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. वर्गातल्या तिघींनी तो व्हिडिओ तिलाच पाठवला. त्यांना कळलं होतं की नाही, हे तिनं कधी विचारलं नाही. दोन दिवस ती जेवली नाही, मग माझ्याकडे आली.

आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि तक्रार कुठे करायची ते शोधायला लागलो. माझा खरा विषय इथून सुरू होतो. ज्या ॲपवरून पैसे भरले होते, त्यांनी कळवलं की आम्ही फक्त दोघांची गाठ घालून देतो, सल्ल्याची जबाबदारी आमची नाही. तो डॉक्टर नव्हता, म्हणून मेडिकल कौन्सिलचा प्रश्न नव्हता. तो स्वतःला मानसशास्त्रज्ञही म्हणवत नव्हता. त्यानं पाटी लावली होती 'माइंड कोच'. कुठल्याही संस्थेचा सभासद नव्हता, कुणाच्या हाताखाली काम करत नव्हता. शिल्लक राहिला ग्राहक आयोग. तिथे कदाचित नऊ हजार सहाशे परत मिळाले असते. पण धबधबा कोण परत देणार होतं? ती आता सोमेश्वरला जात नाही.

त्या संध्याकाळपासून माझं मत पक्कं झालं आहे. ऑनलाइन समुपदेशक खरा की खोटा, हे ठरवताना आपण भलतेच प्रश्न विचारतो. किती फॉलोअर आहेत, किती तारे आहेत, बोलतो कसा, समजून घेतो का. यातलं काहीच निरुपयोगी नाही, पण पहिला प्रश्न निराळा आहे : तुमचं काही चुकलं, तर मी कुणाकडे जायचं? ज्याच्याकडे या प्रश्नाला उत्तर आहे, त्याच्याशी पुढचं बोलावं. ज्याला या प्रश्नाचा राग येतो, त्याला आपलं मन दाखवू नये.

हे मला कुणी पुस्तकात शिकवलं नाही. माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला. वेलीची वाढ आवरायला वापरायचं ते रसायन. कंटेनर अडकले, माल नाकारला गेला, कितीतरी बागाईतदारांचा हंगाम बुडाला. द्राक्षं दिसायला उत्तमच होती. मणी टपोरे, रंग चांगला, गोडीही भरपूर. तोंडात टाकून बघणाऱ्याला त्यात काही खोट आहे हे कळणं शक्यच नव्हतं. तेव्हापासून माझा भाऊ फवारणीची वही जितकी जपतो, तितकं बँकेचं पासबुकही जपत नाही. निर्यातीच्या प्लॉटची अपेडाच्या, म्हणजे शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या, 'ग्रेपनेट'वर नोंदणी, काढणीपूर्वी प्रयोगशाळेत नमुना, आणि पेटीवर असा क्रमांक की परदेशातल्या दुकानातली पेटी कुठल्या बागेतली हे इथे सांगता यावं. 'माग काढता आला पाहिजे,' भाऊ म्हणतो. माझी द्राक्षं चांगली आहेत हे तो सांगत बसत नाही. वाईट निघाली तर माझ्या दारात या, एवढंच सांगतो.

मनाच्या कामात गोडी आणि गुण यांतलं अंतर तर आणखीच फसवं. आपल्या भाषेनं ते नेमकं पकडलं आहे : बरं वाटणं वेगळं, बरं होणं वेगळं. कुणी तासभर मन लावून ऐकलं की बरं वाटतंच. मैत्रिणीनं ऐकलं तरी वाटतं. उलट चांगल्या उपचारातली काही सत्रं जड जातात. घरी येऊन गप्प बसावंसं वाटतं, कारण जे टाळत होतो त्याच्याशीच गाठ पडलेली असते. म्हणून 'त्यांच्याशी बोलून खूप हलकं वाटलं' अशी शंभर माणसांची शिफारस मला पुरेशी वाटत नाही. ती शिफारस खोटी नसेल, पण ती गोडीबद्दल सांगते.

आता त्या 'कुणाकडे जायचं' या प्रश्नाला आपल्या देशात कुणाकडे काय उत्तर असतं, ते पाहू. आधी शब्दांचा घोळ सोडवायला हवा, कारण मराठीत आपण 'मानसोपचारतज्ज्ञ' हा एकच शब्द तिघाचौघांना लावतो. एक असतो मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा पदविका घेतलेला. औषध लिहून देतो तो हा. त्याचं नाव मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत असतं, महाराष्ट्रात महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या, आणि तिथेच तक्रारही करता येते. दुसरा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. हा डॉक्टर नव्हे, औषध देत नाही. मानसशास्त्रात एमए केल्यावर रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामासह दोन वर्षांचं एमफिल, असा त्याचा आजवरचा रूढ मार्ग. त्याची नोंद दिल्लीच्या भारतीय पुनर्वास परिषदेत, म्हणजे आरसीआयमध्ये होते. तिथल्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीतला क्रमांक, 'सीआरआर नंबर', हा त्याचा माग. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येतं. १९९२ च्या आरसीआय कायद्यानुसार नोंदणीशिवाय असं काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. एक हजार रुपये. आज त्याहून जास्त फी एकेका सत्राला घेतली जाते. तीस वर्षांहून अधिक काळ हा आकडा तसाच आहे, आणि तो बदलावा असं कुणाला निकडीनं वाटलेलं नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

तिसरा समुपदेशक, आणि खरी पोकळी इथे आहे. मानसशास्त्रात एमए करून शाळेत दहा वर्षं मुलांशी बोललेली बाई समुपदेशक असते. समाजकार्यात एमएसडब्ल्यू करून रुग्णालयात राबलेला माणूस समुपदेशक असतो. आणि तीस तासांचा ऑनलाइन कोर्स करून चकचकीत प्रमाणपत्र भिंतीवर लावणाराही समुपदेशकच असतो. २०२१ मध्ये संसदेनं 'नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स' हा कायदा केला, त्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळता इतर मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते यांचा समावेश आहे आणि राज्य परिषदांची, नोंदवह्यांची तरतूद आहे. पाऊल योग्य दिशेचं आहे. पण सटाण्याच्या एखाद्या आईला आज आपल्या मोबाइलवर मुलीच्या समुपदेशकाचं नाव टाकून 'हा खरा आहे' एवढी खात्री मराठीत करून घेता येत नाही. तोवर तो कायदा तिच्यापर्यंत पोचलेला नाही, असंच मी म्हणेन.

इथे मला माहीत आहे, एक आक्षेप येतो, आणि तो मी हलका मानत नाही. माझी एक मैत्रीण सिडकोत गेली पंधरा वर्षं समुपदेशन करते. ती म्हणाली, 'तू सगळं नंबरावर आणलंस तर लोक जातील कुठे? नोंदणी झालेले आहेत किती? ते घेतात किती फी? त्यातले मराठीत काम करणारे किती?' तिचं म्हणणं खरं आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के माणसं उपचारांविनाच राहतात असं दिसलं होतं. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला. नाशिककरांच्या पिढ्या 'ठाण्याला न्यावं लागेल' ही धमकी ऐकत वाढल्या, त्यामुळे मदत या शब्दाबरोबर घराबाहेर काढलं जाण्याची भीतीच डोळ्यांपुढे येते. अशा ठिकाणी निफाडच्या एखाद्या सुनेला, अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या पोराला मोबाइलवर कुणी ऐकून घेत असेल, तर तो दरवाजा बंद करा असं मी कशी म्हणेन? ऑनलाइन समुपदेशन हे कमअस्सल आहे असंही मी मानत नाही. माझ्या मैत्रिणीचा सीआरआर नंबर नाही, आणि माझ्या घरातलं कुणी तुटलं तर मी तिच्याकडे पाठवीन.

पण का पाठवीन? कारण तिला माझा प्रश्न विचारला, तर ती उत्तर देते. ती कुठे शिकली ते सांगते. आपल्या अवघड केसेस ती दर पंधरवड्याला एका ज्येष्ठ मानसशास्त्रज्ञांपुढे, नाव झाकून, मांडते. त्यांचं नाव ती समोरच्याला सांगते, आणि 'माझ्याबद्दल शंका आली तर यांच्याशी बोला' असंही सांगते. या व्यवसायात त्याला 'सुपरव्हिजन' म्हणतात. वीस वर्षं झाली तरी ते सुटत नाही, सुटू नये. आणि मुख्य म्हणजे ती म्हणते, 'हे माझ्या आवाक्यातलं नाही.' आवाज ऐकू येतात म्हणणारा, अनेक दिवस न झोपता भलत्याच उत्साहात असलेला, जीव द्यायचे विचार येणारा माणूस समोर आला की ती त्याच दिवशी डॉक्टरांचं नाव देते. आपली कुंपणं कुठे आहेत हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या वावरात शिरायला भीती नाही. माझ्या भाचीच्या त्या माणसाला कुंपणच नव्हतं. नैराश्य, लग्न, करिअर, वजन, पैसा, सगळ्यावर त्याच्याकडे सत्र होतं.

तेव्हा नंबर असला म्हणजे माणूस चांगला आणि नसला म्हणजे भोंदू, असं माझं म्हणणं नाही. नंबर असलेलेही घड्याळ बघत ऐकतात, तुटक बोलतात, चुकतात. पण त्यांच्या चुकीला पत्ता असतो.

पहिल्या सत्रातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच लोकांना उलटी वाटते. आपल्याला वाटतं, जो काहीच विचारत नाही तो सुरक्षित. नाव नको, गाव नको, 'पूर्ण गुप्तता, शंभर टक्के.' भाचीला हेच आवडलं होतं. खरा व्यावसायिक मात्र सुरुवातीलाच विचारतो : तुम्ही आत्ता कुठे आहात, राहता कुठे, आणि अगदीच वेळ आली तर मी कुणाला फोन करू? चारशे किलोमीटरवर बसलेल्या माणसाला पडद्यावरचा चेहरा अचानक दिसेनासा झाला, तर त्याच्याकडे दुसरा उपाय नसतो. मार्च २०२० मध्ये डॉक्टरांसाठी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यातही हेच आहे. सल्ला निनावी नसावा, रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही एकमेकांची ओळख हवी, आणि डॉक्टरनं आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर, पावतीवर, संकेतस्थळावर दाखवावा. गुप्ततेबाबतही तसंच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे, पण जिवाला धोका असेल तिथे तिला अपवादही ठेवला आहे. म्हणून 'कधीच, कुणालाच, काहीही सांगणार नाही' असं वचन देणारा एक तर कायदा जाणत नाही किंवा तुमच्या जिवाचा विचार करत नाही. 'अमुक दोन गोष्टींत मला गुप्तता मोडावी लागेल' हे जो पहिल्याच दिवशी, तुम्ही न विचारता सांगतो, त्याच्यावर मी विश्वास ठेवते.

गुप्ततेचा आणखी एक पदर ऑनलाइनमध्ये आहे, तो समोरासमोरच्या उपचारात फारसा नव्हता. ऐकणारा माणूस भला असेल, पण बोललेलं साठतं कुठे? फिनलंडमध्ये वास्तामो नावाची मानसोपचार केंद्रांची साखळी होती. २०२० मध्ये तिच्याकडच्या हजारो रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्याचं उघड झालं, आणि चोरानं एकेका रुग्णाला गाठून खंडणी मागितली : पैसे दे, नाहीतर डॉक्टरला सांगितलेलं जगाला सांगतो. अमेरिकेत २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेनं 'बेटरहेल्प' या ऑनलाइन समुपदेशनाच्या मोठ्या कंपनीवर कारवाई केली. ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी इतर कंपन्यांना दिल्याचा आरोप होता, आणि ७८ लाख डॉलर भरायचं ठरलं. हे श्रीमंत, कडक कायद्यांच्या देशांत घडतं. आपल्याकडे तर पहिलं सत्र व्हॉट्सॲपवर ठरतं आणि तिथेच सगळी कर्मकहाणी लिहिली जाते. टिपणं ठेवता का, कुठे ठेवता, सत्र रेकॉर्ड होतं का, हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही. आणि जो आपल्या क्लायंटच्या कथा, नाव वगळून का होईना, व्हिडिओत सांगतो, त्याच्याकडे जाऊ नये. तुम्ही त्याची पुढची कथा आहात.

माझं सगळ्यात ठाम मत मात्र तपासणी कुणी करायची याबद्दल आहे. 'ग्राहकानं जागरूक राहावं' हे वाक्य मला इथे क्रूर वाटतं. ज्याला आठवडाभर झोप नाही, ज्याला अंघोळीला उठणं जमत नाही, त्यानं संकेतस्थळावर नाव शोधावं, गोपनीयतेचं धोरण वाचावं, पर्यवेक्षकाचं नाव विचारावं? त्याच्याकडे तेवढी ताकद असती तर निम्मं दुखणं नसतंच. स्थळ बघताना आपण चार घरी चौकशी करतो. त्यातली एकही चौकशी नवऱ्या मुलीला एकटीला करू देत नाही. बागेला नवीन औषध मारायचं तर भाऊ आधी तिघांना विचारतो. मनाच्या बाबतीत मात्र माणूस एकटा जातो, कारण आपण घरात ती गोष्ट बोलण्यासारखी ठेवलेलीच नाही. चौकशीचं काम जवळच्यानं घ्यावं. बहिणीनं, रूममेटनं, मामानं. काय दुखतंय ते न विचारताही 'तू जिच्याशी बोलतेस तिचं नाव दे, मी जरा बघून ठेवते' एवढं म्हणता येतं. आणि काहीच ठरत नसेल तेव्हा सरकारची 'टेलिमानस' सेवा आहे. ऑक्टोबर २०२२ पासून, १४४१६ या क्रमांकावर, मराठीतही, पैसे न घेता. ती कायमच्या उपचाराची जागा घेत नाही, पण पुढे कुणाकडे जावं हे विचारायला तिथे सुरुवात करता येते, आणि तिथे बोलणारे कोण आहेत याचा माग लागतो.

बाकीचं सरकारचं काम आहे, आणि ते अवघड नाही. डॉक्टरला जे बंधन, तेच पैसे घेऊन मनावर सल्ला देणाऱ्या प्रत्येकाला लावा. ॲप चालवणाऱ्या कंपनीनं प्रत्येक नावापुढे शिक्षण, नोंदणी आणि तक्रारीचं ठिकाण लिहावं, आणि 'आम्ही फक्त गाठ घालून देतो' ही पळवाट बंद व्हावी. दलाली घेतली तर दायित्वही घ्या. शोधायची नोंदवही मराठीत करा. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आमच्या नाशकात आहे, म्हसरूळला. ज्या शहरात राज्यभरच्या डॉक्टरांचं शिक्षण ठरतं, तिथल्या लोकांनी ही मागणी लावून धरायला हवी.

भाची आता एका बाईंशी बोलते, त्याही ऑनलाइनच, दुसऱ्या शहरातून. पहिल्या सत्राआधी त्यांच्याकडून दोन पानी संमतीपत्र आलं. त्यात त्यांचा नोंदणी क्रमांक होता, फी एकेका सत्राची होती, सत्र रद्द केलं तर काय तेही होतं, आणि शेवटी ओळ होती : माझ्या कामाबद्दल तक्रार असल्यास कुठे करावी. भाचीनं ते पान मला पाठवलं. मी क्रमांक शोधला, नाव जुळलं. आईशी बोलणं सुरू व्हायला मात्र आणखी अडीच महिने लागले.

तिच्या वर्गातल्या मुली अधूनमधून मला नावं पाठवतात. 'मावशी, जरा बघशील का?' मार्चपासून पाच आली. तीन सापडली. चौथ्या बाईंनी स्वतःच सांगितलं की माझी नोंदणी नाही, अमुक संस्थेत अमुक ताईंच्या देखरेखीखाली काम करते, त्यांना विचारा. मी विचारलं. पाचव्याला मी साधा निरोप पाठवला होता : तुमच्याबद्दल तक्रार करायची झाल्यास कुणाकडे करावी? त्यानं मला ब्लॉक केलं. ते मी त्या मुलीला तसंच कळवलं.